लाकडाच्या शेगडीच्या दाराची काच धुरकट झाली आहे: काळं निघतं, पांढुरकं निघत नाही

चांदणी_साक्री

नमस्कार मंडळी. पिंपळनेरच्या बाजूला आमचं मळ्यातलं घर आहे. धाकट्या दिरांनी बाहेरून मागवून तिथल्या हॉलमध्ये लाकडावर चालणारी बिडाची शेगडी बसवली आहे. समोर काचेचं दार, वर लोखंडी नळीचं धुराडं छपरातून बाहेर काढलेलं. आमच्या भागात डिसेंबर-जानेवारीची थंडी कशी असते ते इथल्या लोकांना सांगायला नको. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, संध्याकाळी ते शेगडीसमोर बसतात आणि त्यांना जाळ दिसायला हवा असतो. नुसती ऊब असून त्यांचं समाधान होत नाही.

अडचण काचेची आहे. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत काळे-तपकिरी, डिंकासारखे चकचकीत डाग पडतात. ते साबणाने थोडे निघतात. पण मधल्या भागावर पांढुरका पडदा आला आहे. ओल्या फडक्याने पुसलं की काच लख्ख दिसते आणि वाळली की पडदा परत हजर. तारेची घासणी लावायचा धीर होत नाही.

सरपण म्हणजे मळ्यातली बाभूळ, पऱ्हाटी (कपाशीच्या वाळलेल्या काड्या), कधी खोक्यांच्या फळ्या. रात्री झोपताना हवेची खिट्टी जवळजवळ बंद करतो, म्हणजे निखारा सकाळपर्यंत टिकतो. कुणाला अनुभव असेल तर नीट सांगा.

जिभाऊ_धुळे

ताई, घरमा राख शे ना! मग कसाले चिंता?

आमची माय कंदिलाची काच रोज संध्याकाळी राखेनेच पुसायची. वर्तमानपत्राचा बोळा जरा ओला करायचा, बारीक राखेत टेकवायचा आणि गोल गोल फिरवायचा. मग कोरड्या कागदाने पुसून घ्यायचं. काच आहे की नाही असं वाटायचं. तुमच्या शेगडीत राख फुकट तयार होते, बाजारात जायचं कामच नाही.

यावलकरीण

जिभाऊ, राखेत खडे असतात, काचेवर ओरखडे पडतील. माझ्या मते कोमट पाणी, खाण्याचा सोडा आणि सुती फडकं पुरे.

निंबाचीकाडी

ओव्हन साफ करायचा फवारा मिळतो ना दुकानात? मारायचा, दहा मिनिटं थांबायचं, पुसायचं. लोक उगीच राखेत हात घालतात.

ओस्लोतला_खानदेशी

मूळ गाव चोपडा, सध्या नॉर्वेत. इथे घरोघरी अशी शेगडी असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जिभाऊंचं म्हणणं. राख आणि ओला कागद हीच इथलीही पद्धत आहे. शेगडी बनवणारेसुद्धा तेच सांगतात. चांदणीताई, शेगडी पूर्ण गार असताना दार उघडा आणि खाली एक जुना पेपर अंथरा. राख पांढरी, पिठासारखी हवी, कोळशाचे तुकडे नकोत. यावलकरीण ताईंची शंका रास्त आहे, म्हणून राख मलमलच्या फडक्यातून चाळून घ्या. बाभळीच्या मुळाकडच्या लाकडाला माती लागलेली असते. ती वाळू राखेत उतरते आणि ओरखडे तिचेच पडतात, राखेचे नाहीत. जोर लावायचा नाही. कागद काळा झाला की नवा घ्यायचा. शेवटी स्वच्छ पाण्याच्या फडक्याने राखेचा कणही राहणार नाही असं पुसायचं आणि काच कोरडी करायची. हे शेवटचं पुसणं लोक टाळतात आणि तिथेच तुमच्या पांढऱ्या पडद्याची सुरुवात होते.

कारण राख ही क्षार आहे. ओली राख काचेवर राहिली आणि वर जाळ पेटला, की तो क्षार तापलेल्या काचेचा पृष्ठभाग खाऊ लागतो.

तुमचे डाग दोन वेगवेगळ्या जातीचे आहेत, हे धरून चाला. काळे-तपकिरी म्हणजे न जळलेला धूर, डांबर. पांढुरकं म्हणजे राखेतले क्षार. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही, म्हणून साबणाने एक हलतं आणि दुसरं हलत नाही.

पांढऱ्यासाठी साधं पांढरं व्हिनेगर घ्या. फडकं भिजवून काचेवर पाच-दहा मिनिटं चिकटवून ठेवा, मग पुसा. क्षाराचा थर असेल तर विरघळेल. त्यानेही राहिलं तर सपाट काचेच्या विजेच्या शेगडीसाठी जी पॉलिशची मलम मिळते ती वापरून पाहा. तिच्यानंतरही तसंच दिसलं तर काच खाल्ली गेली आहे असं समजा. ते निघत नाही.

चांदणी_साक्री

ओस्लोचे भाऊ, खूप उपयोगी. व्हिनेगर उद्याच आणते. आम्ही लिंबू लावलं होतं, पण लगेच पुसून टाकलं होतं.

भट्टीवाले_काका

दीपनगरच्या वीज केंद्रात बॉयलरवर नोकरी झाली, त्यामुळे जाळ आणि धूर हा माझा विषय आहे.

निंबाचीकाडी, तो फवारा या दाराला लावू नका. त्यात कॉस्टिक सोडा असतो. डांबर निघेल, नाही असं नाही. पण दाराभोवती जी पांढरी दोरी बसवलेली असते तिच्यात तो मुरतो आणि दोरी कडक होऊन झडते. बिडावरचा काळा रंग उडतो. आणि चुकून काचेवर राहिला तर राखेपेक्षा जास्त खातो.

जिभाऊंच्या कंदिलाबद्दल. कंदिलाची काजळी म्हणजे रॉकेलचा कोरडा कार्बन, ती कोरड्या कागदानेही निघते. लाकडाचा धूर चिकट असतो. लाकूड तापलं की आधी पाणी जातं, मग वायू सुटतात. ते वायू पुरेशा उष्णतेत, पुरेशा हवेत पेटले तर पिवळाधमक जाळ दिसतो. नाही पेटले तर जिथे गार जागा मिळेल तिथे चिकटतात. भट्टीतली सगळ्यात गार भिंत कुठली? काच, आणि काचेचे खालचे कोपरे. राख तिथे काम करते कारण डांबर आम्लधर्मी असतं आणि राख क्षारधर्मी.

पण ताई, मला काचेपेक्षा तुमच्या सरपणाची आणि त्या खिट्टीची काळजी वाटते. काच काळी होते म्हणजे आत जाळ नीट होत नाही. तुम्ही पुसत राहाल आणि ती रोज काळी होत राहील. लाकडात पाणी किती आहे, ते आधी तपासा.

अमळनेरचा_भाचा

काका, पण काच काळी असली म्हणून ऊब थोडीच कमी होते? आमच्या मामांकडे न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब आहे, पिढ्यान्‌पिढ्या बाहेरून काळाकुट्ट, पाणी कढत निघतं. शेगडी उबेसाठी आहे. आठवड्यातून एकदा पुसा आणि सोडून द्या.

भट्टीवाले_काका

भाचेबुवा, बंबाला काच नाही म्हणून कळत नाही, एवढंच. समोर बसलेल्याला थेट धग काचेतून मिळते, थर जाड झाला की ती अडते. ते सोडा. जे काचेवर दिसतं तेच धुराडाच्या नळीत आतून साचतं आणि तिथे कुणी पुसायला जात नाही. एखाद्या दिवशी मोठा जाळ झाला की नळीतलं डांबर पेटतं. वर छपराचं लाकूड असेल तर घराला धोका आहे. वर्षातून एकदा, थंडीच्या आधी, नळी ब्रशने झाडून घ्यायलाच हवी.

कापूसकोंडा

पऱ्हाटीबद्दल बोलू का? माझा विषय आहे तो.

पऱ्हाटी लगेच भडकते आणि लगेच बसते. शेगडी पऱ्हाटीने गच्च भरली की सगळ्या काड्या एकदम वायू सोडतात, त्याला लागेल एवढी हवा आतल्या आत मिळत नाही आणि काच दोन मिनिटांत काळी. पेटवणीला मूठभर पऱ्हाटी उत्तम. मुख्य जळण म्हणून नको.

दुसरं म्हणजे पऱ्हाटी साठवू नका. घराजवळ, बांधावर, शेगडीसाठी म्हणून रचून ठेवायची आपल्याकडे जुनी सवय आहे. पण न उमललेल्या, किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते आणि पुढच्या हंगामात तिथूनच निघते. म्हणून कृषी खातं दरवर्षी सांगतं की हंगाम संपला की पऱ्हाटी उपटा, श्रेडरने बारीक करून जमिनीत मिसळा किंवा कंपोस्ट करा, गंज लावू नका. जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्याने बोंडअळीचं जे सोसलं आहे त्यानंतर तरी हे ऐकावं. पेटवणीपुरती ठेवायची तर बोंडं झाडून, नखं (बोंडांची वाळकी टरफलं) काढून ठेवा.

रावेरची_केळी

मग आमच्याकडे केळीचे खांब मुबलक, ते घ्या जाळायला 😀

कापूसकोंडा

@रावेरची_केळी, दहात नऊ भाग पाणी आहे त्यात. शेगडी विझवायची असेल तर पाठवा 😀

सरपणवाली_शिरपूर

हसण्यावारी नेऊ नका, केळीच्या राखेत पोटॅश भरपूर असतं, तिचा क्षार कडक. काचेसाठी नको, भांड्यांच्या तळाच्या काजळीला चालेल.

लाकडाचं सांगते. बाभूळ जड, निखारा छान, पण जाड ओंडका सालीसकट ठेवला तर आतून वाळतच नाही. ताई, मनगटाएवढी फोडून घ्या. आपल्याकडचा उन्हाळा हे देणं आहे. एप्रिल-मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा फोडलेलं लाकूड उन्हात, जमिनीपासून वीतभर उंच, हवा खेळेल असं रचा. पावसाआधी छपराखाली न्या, पण बाजू उघड्या ठेवा. ताडपत्रीने चारही बाजूंनी गुंडाळलं की आत घाम सुटतो आणि बुरशी येते. दोन फोडी एकमेकींवर आपटून बघा. वाळलेली खणखणते, ओली धप्प आवाज करते. टोकाला भेगा पडलेल्या दिसल्या पाहिजेत.

अंजनाचं लाकूड मिळालं तर अगदी थोडं आणि आधी चांगला जाळ झाल्यावर टाका. फार घट्ट लाकूड, उशिरा पेट घेतं. शेवगा, पांगारा हे पोकळ लाकूड, जळून काही हाती लागत नाही. खोक्यांच्या फळ्यांना रंग, प्लायचा गोंद, खिळे असतील तर त्या अजिबात नकोत. त्यांचा धूर घरातल्या माणसांना वाईट आणि काचेवर जे बसतं ते राखेनेही हलत नाही.

ओस्लोतला_खानदेशी

शिरपूरच्या ताईंनी नेमकं लिहिलं आहे. आकड्यात सांगायचं तर लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. इंग्लंडमध्ये २०२१ पासून थोड्या प्रमाणात विकायच्या सरपणाला हीच २० टक्क्यांची अट कायद्याने घातली आहे. दोन सुया टोचायचं ओलावा मोजण्याचं यंत्र ऑनलाइन स्वस्तात मिळतं. फक्त लाकूड त्याच वेळी फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचायचं. बाहेरून टोचलं तर आपल्या उन्हाळ्यात प्रत्येक लाकूड वाळलेलंच दिसेल.

पेटवायची रीतही बदलून पाहा. आपण चुलीला खालून पेटवतो. इथे वरून पेटवायला सांगतात. खाली दोन जाड फोडी, वर बारीक, सगळ्यात वर पऱ्हाटी किंवा ढलप्या, आणि काडी वरच्या थराला. खालचं लाकूड हळूहळू तापतं, त्यातून निघणारे वायू वरच्या जाळातून जातात आणि जळतात. धूर फारच कमी होतो.

ताई, एक पाहून सांगा. तुमच्या शेगडीला काचेच्या वरच्या कडेला बारीक फट किंवा दुसरी खिट्टी आहे का?

चांदणी_साक्री

हो, आहे! वर एक आडवी पट्टी सरकते. ती कशासाठी हे कुणी सांगितलंच नाही, आम्ही ती कायम बंद ठेवली आहे. खालची खिट्टी उघडतो.

ओस्लोतला_खानदेशी

सापडलं मग. काच स्वच्छ राहण्याची व्यवस्था तीच आहे. त्या फटीतून आलेली हवा तापून काचेच्या आतल्या बाजूने वरून खाली पडद्यासारखी उतरते आणि धुराला काचेपासून लांब ठेवते. लाकूड जळताना मुख्य हवा वरूनच द्यायची. खालची फक्त पेटवताना, मग बंद. खालून हवा कोळशाला लागते. लाकडाला खाली बोटभर राखेचा थर असलेला बरा, रोज सगळी राख उपसू नका.

आणि ओंडका काचेला टेकेल असा ठेवू नका. जिथे टेकतो तिथे डाग ठरलेला.

भट्टीवाले_काका

ओस्लोकर, उत्तम. आता त्यात मी आपल्या गावचं हवामान घालतो, कारण नॉर्वेची रीत जशीच्या तशी इथे लागू होत नाही.

धुराडं धूर ओढतं ते आतल्या गरम हवेच्या आणि बाहेरच्या गार हवेच्या फरकावर. ओस्लोत बाहेर शून्याखाली असतं, नळी लगेच ओढते. आपल्याकडे जानेवारीतही दुपारी अठ्ठावीस-तीस अंश असतात आणि पहाटे आठ-दहा. धुळ्याला तर त्याहून खाली जातं. संध्याकाळी पाचला, पत्रा अजून तापलेला असताना शेगडी पेटवली की नळी ओढतच नाही. धूर आतच घुटमळतो आणि काच तेव्हाच काळी होते. ताई, तुमच्या सासऱ्यांची बसायची वेळ कोणती?

चांदणी_साक्री

दिवेलागणीच्या आधीच बसतात काका. साडेपाच वगैरे.

भट्टीवाले_काका

मग एकतर तासभर उशिरा पेटवा, किंवा आधी नळी तापवा. पेपरचा एक बोळा पेटवून शेगडीत वरच्या बाजूला, नळीच्या तोंडाजवळ धरा. धूर सरळ वर जायला लागला की मग खालचं पेटवा. नळीचं टोक छपराच्या आढ्याच्या वर गेलेलं आहे ना, तेही बघा. आढ्याच्या खाली असेल तर वारा धूर परत ढकलतो.

जिभाऊ_धुळे

काका, हाई बात माले पटनी! आमच्याकडे चूल संध्याकाळी धूर करते आणि पहाटे तीच चूल सुरेख चालते. माय म्हणायची, पहाटेचा जाळ शहाणा असतो.

मैत्रेयी_पुणे

विषयांतर होतंय, पण राहवत नाही. या शेगडीत भरताचं वांगं भाजता येईल का? माहेर बामणोदजवळ. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव येत नाही.

यावलकरीण

मैत्रेयी, काचेच्या शेगडीत नको ग. वांग्याला तेल लावून भाजतो आपण. तेल आणि वांग्याचं पाणी काचेवर उडालं की ते भाजूनच बसतं. अंगणात पऱ्हाटीवर भाज, वरचं साल काळं होऊन आतून मऊ पडेपर्यंत, आणि लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या, लसणासोबत ठेच. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पऱ्हाटीच्या जाळाला कुणी मानांकन देईना. अर्धी चव त्याची आहे.

ओस्लोतला_खानदेशी

इथे बर्चच्या निखाऱ्यावर करून पाहिलं, कळण्याची भाकरीही केली. वांगी जांभळी आणि लहान मिळतात, आपल्या हिरव्या वांग्याची सर नाही. घरचा डबा आठवून जीव कासावीस झाला, ताई.

कापूसकोंडा

डिसेंबरात या. वांगी आमची, पऱ्हाटी आमची.

श्वास_नंदुरबार

मी छातीच्या विकारांची डॉक्टर आहे. धाग्यात एक गोष्ट मागे पडते आहे, म्हणून लिहिते.

चांदणीताई, तुम्ही लिहिलंत की रात्री हवा जवळजवळ बंद करता. हवा कमी पडली की लाकूड धुमसतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. दार नीट बसत नसेल, धुराडं तुंबलेलं असेल किंवा रात्री ओढ मंदावली तर तो खोलीत येतो. डोकं जड होणं, मळमळ, चक्कर ही लक्षणं सर्दी-पित्ताची समजून माणूस झोपून राहतो आणि मग उठत नाही. वयस्कर माणूस त्या खोलीत झोपत असेल तर धोका जास्त. कृपया शेगडी धुमसत ठेवून झोपू नका. झोपण्याआधी तासभर नवं लाकूड टाकायचं थांबवा आणि निखारे हवा चालू ठेवून जळू द्या. एक खिडकी बोटभर उघडी असू द्या. या वायूचा इशारा देणारं यंत्र मिळतं, ते हॉलमध्ये लावाच. सासऱ्यांसाठी रात्री जाड गोधडी आणि गरम पाण्याची पिशवी पुरेशी आहे.

आणि राख चाळताना नाकाला रुमाल बांधा, हातमोजे घाला. ओली राख हाताची कातडीही सोलते.

भट्टीवाले_काका

डॉक्टरबाईंच्या प्रत्येक शब्दाला माझा दुजोरा. मी खिट्टीची काळजी म्हणालो होतो ती हीच. सकाळी काच सगळ्यात काळी दिसत असणार, बघा. ती रात्रीच्या धुमसण्याची खूण आहे.

चांदणी_साक्री

डॉक्टरताई, काका, हे वाचून घरात सगळ्यांना बसवून सांगितलं. रात्रीची खिट्टी बंद करणं आजपासून बंद. यंत्र दिरांनी मागवलं आहे. आणि हो, सकाळीच काच सगळ्यात काळी असते.

निंबाचीकाडी

काच पुसायला दाढीचं ब्लेड कसं? आडवं धरून खरवडलं तर डांबर पापुद्र्यासारखं निघतं.

ओस्लोतला_खानदेशी

निघतं. पण ब्लेडचं टोक एकदा रुतलं की चरा कायमचा, आणि अशी काच चऱ्यापासूनच तडकते. राखेने निघत असताना ब्लेड कशाला? तारेची घासणी, वाळू, भांड्यांची भरड पावडर, हे सगळं त्याच यादीत.

अमळनेरचा_भाचा

आणि काच तडकलीच तर? आमच्या ओळखीत एकाने गावातल्या दुकानातून टफन काच कापून आणून बसवली. दुकानदार म्हणाला गाडीची काच हीच असते, काही होत नाही. दुसऱ्या दिवशी चांगला जाळ झाला आणि काचेचा चुरा झाला. नशीब, समोर कुणी नव्हतं.

भट्टीवाले_काका

दुकानदाराने सांगितलं ते चूक आहे. टफन काच अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे भरवशाची नाही. शेगडीच्या दाराला जी काच असते ती सिरॅमिक जातीची, सातशे अंशांच्या आसपासची उष्णता सोसते. आणि तिचं खरं वैशिष्ट्य म्हणजे ती तापल्यावर जवळजवळ प्रसरण पावत नाही, म्हणून एक भाग गरम, एक गार असला तरी तडकत नाही. साधी काच नेमकी तिथेच जाते.

चांदणी_साक्री

आमचा निकाल सांगते. काळे डाग चाळलेल्या राखेने पूर्ण गेले, जिभाऊंना आणि ओस्लोच्या भाऊंना धन्यवाद. वरची पट्टी उघडून, फक्त फोडलेली वाळकी बाभूळ जाळली तर कोपऱ्यांत थोडी तपकिरी झाक येते आणि चांगला जाळ झाला की तीही आपोआप जळून जाते. सासरेबुवा खूश आहेत.

पांढुरका पडदा व्हिनेगरने वरच्या बाजूचा गेला. खाली चार बोटं रुंदीचा पट्टा तसाच आहे. मलम लावून पाहिली, फरक नाही. नखाने चाचपलं तर किंचित खरखरीत लागतं.

भट्टीवाले_काका

खरखरीत लागतं म्हणजे पृष्ठभाग खाल्ला गेला आहे. तो परत येणार नाही, त्यावर आणखी काही घासू नका. काच कमकुवत झाली असं नाही. तडा किंवा खोल चरा नसेल तर वापरा.

दाराची दोरी मात्र तपासा. दारात कागदाची पट्टी ठेवून दार लावा आणि कागद ओढा. चारही बाजूंना अडखळत यायला हवा. एखाद्या बाजूने सहज सुटला तर तिथून भलतीच हवा आत शिरते, राख उडवते आणि काचेवर तिथेच पट्टा उमटतो. तुमचा पट्टा खालीच आहे, म्हणून मला खालच्या दोरीचा संशय आहे.

चांदणी_साक्री

काका, बरोबर! खालच्या बाजूने कागद अलगद निघाला. दोरी चपटी आणि कडक झाली आहे. नवी कुठे मिळेल? आणि काचही बदलावी म्हणतात दीर, सासऱ्यांना तो पट्टा खुपतो.

सरपणवाली_शिरपूर

दोरी जळगाव किंवा धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ बॉयलर-भट्टीचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा, ग्लास फायबरची दोरी म्हणा. जुनीचा तुकडा सोबत न्या, जाडी तीच हवी. जाड घेतली तर दार बसत नाही, बारीक घेतली तर फट राहते. जुनी दोरी काढून खाचेतला वाळलेला गोंद पूर्ण खरवडा. नवी बसवताना ताणू नका, ताणली की ती बारीक होते. दोन्ही टोकं एकमेकांना भिडवा, एकावर एक चढवू नका. गोंद उष्णता सोसणारा घ्या.

ओस्लोतला_खानदेशी

काचेचं माप घेताना जुनी काच बाहेर काढून जाडी मोजा, बहुतेक चार मिलिमीटर असते. चौकटीत काठोकाठ बसेल अशी कापून घेऊ नका, चहूबाजूंनी दोन-तीन मिलिमीटर मोकळे ठेवा. बीड तापल्यावर हलतं, काच हलत नाही. काचेच्या आणि लोखंडाच्या मध्ये चपटी पट्टी येते, ती दोरीबरोबरच नवी घाला. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, हाताला अडकल्यासारखे वाटले की थांबा. पहिले दोन-तीन जाळ लहान करा आणि गोंदाचा वास जाईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा.